उभ्या गाडीचा विंझणा

१/ पुणे–सातारा महामार्ग चेलाडी फाट्याला सोडला, की नसरापूर, मार्गासनी असे करीत एक रस्ता विंझरला येतो आणि पुढे वेल्ह्याला जातो. राजगड आणि तोरणा या दोन गडांचा हा मुलूख. सुटीच्या दिवशी या वाटेवर दुर्गप्रेमींच्या गाड्यांची रीघ लागते. त्यांत पंधरा-वीस वर्षे जुन्या गाड्याही असतात. धावताना त्यांचा एसी ठीक चालतो. पण समोरून एसटी आली, अरुंद जागी रांग थांबली आणि गाडी दहा मिनिटे जागच्या जागी उभी राहिली, की गार हवा कोमट होते. मागे बसलेली आजी काच खाली करायला सांगते.

२/ गाडी सुटली की गारवा परततो. म्हणून ही तक्रार पुढे ढकलली जाते आणि मे महिन्यात ती असह्य होते. मग ठरलेला सल्ला मिळतो : गॅस कमी झाला असेल, भरून घ्या. हा सल्ला पुष्कळदा चुकतो आणि कधी कधी दुखणे वाढवतो. असे का होते, याचे उत्तर बॉनेटखाली आहेच. पण ते नीट कळण्यासाठी दोनशे वर्षांचा इतिहास पाहावा लागतो. त्या इतिहासाचा हा #थ्रेड.

३/ जुन्या मराठीत पंख्याला ‘विंझणा’ म्हणत आणि त्याच्या झुळुकीला ‘विंझणवारा’. विंझर या नावाशी त्याचा ध्वनी जुळतो, एवढेच. परंतु या कथेचा नायक हा विंझणाच आहे. उन्हाळ्यात दारा-खिडक्यांना वाळ्याचे ताटवे लावून त्यांवर पाणी शिंपडण्याची रीत होती. पाणी सुकताना उष्णता ओढून घेते आणि खोली निवते. पण त्यासाठी वारा वाहता हवा. वारा पडला, की ओला ताटवा नुसताच ओला राहतो. गारव्याला वाहती हवा लागते, हा या इतिहासातील पहिला धडा.

४/ १८३३ साली बोस्टनहून निघालेले एक जहाज बर्फ घेऊन कलकत्त्याला पोहोचले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील तळ्यांचा बर्फ मुंबईतही आला. त्याच १८३४ साली लंडनमध्ये जेकब पर्किन्स या अमेरिकी संशोधकाने ईथरची वाफ दाबून थंडी निर्माण करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. बर्फ जहाजाने आणण्याचा धंदा जोरात असताना तो धंदा संपवणारे यंत्र कागदावर उतरले होते. आजच्या मोटारीतील एसी याच यंत्राचा वंशज आहे.

५/ त्याची रीत साधी आहे. यंत्र थंडी ‘तयार’ करीत नाही. ते उष्णता एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी टाकते. गाडीत डॅशबोर्डमागे कूलिंग कॉइल असते. तिच्यात द्रवाची वाफ होते आणि ती वाफ केबिनमधील उष्णता घेते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून तापवतो. पुढे, रेडिएटरच्या समोर, कंडेन्सर असतो. तेथे ती उष्णता बाहेरच्या हवेला देऊन वाफेचा पुन्हा द्रव होतो. एक्स्पान्शन वाल्वमधून जाताना त्या द्रवाचा दाब उतरतो आणि तो परत कॉइलमध्ये शिरतो.

६/ या चक्रात आतली उष्णता बाहेर टाकण्याची जागा एकच : कंडेन्सर. त्याच्या पत्र्यांमधून हवा वाहिली नाही, तर उष्णता बाहेर पडत नाही. मग आत कितीही चांगली कॉइल असो, वा ब्लोअर कितीही जोरात फिरो, येणारी हवा कोमटच असते. वाऱ्यावाचून ताटव्याचे जे होते, तेच हे.

७/ १९०२ साली अमेरिकेत विलिस कॅरिअरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी वातानुकूलनाची योजना आखली. हेतू माणसांच्या सुखाचा नव्हता. दमट हवेने कागद फुगत होता आणि रंग जुळत नव्हते, ते थांबवायचे होते. पुढे चित्रपटगृहे आणि दुकाने गार झाली. मोटार मात्र तशीच राहिली. यंत्र अवजड होते, आणि त्यात वापरले जाणारे अमोनिया, सल्फर डायऑक्साइड यांसारखे वायू बंद डब्यासारख्या मोटारीत गळले, तर जिवावर बेतण्याची भीती होती.

८/ १९२८ साली थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी न पेटणारा, माणसाला विषारी नसलेला शीतक वायू शोधला. त्याचे व्यापारी नाव फ्रिऑन, तांत्रिक नाव आर-१२. जनरल मोटर्स आणि ड्यूपॉन्ट यांनी मिळून त्याचे उत्पादन सुरू केले. मोटारीत एसी बसवण्याचा मार्ग या वायूने मोकळा केला. याच वायूचे पुढे काय झाले, ते ओघात येईलच.

९/ दरम्यान अमेरिकेच्या कोरड्या वाळवंटी भागांत मोटारीच्या खिडकीला अडकवायचे नळकांडे विकले जाऊ लागले. त्यात पाणी आणि ओलावा धरणारी गादी असे. गाडी धावली, की समोरचा वारा नळकांड्यात शिरे, ओल्या गादीतून निवून गाडीत येई. हा वाळ्याचा ताटवाच होता, फक्त चाकांवर बसलेला. गाडी थांबली, की तोही थांबे. उभ्या गाडीत गारवा नसणे, हे मोटारीच्या गारव्याचे जन्मापासूनचे वैगुण्य आहे.

१०/ १९३९ साली पॅकार्ड कंपनीने यांत्रिक एसी असलेली मोटार प्रदर्शनात मांडली. तिच्या कॉइलने डिकीची मोठी जागा व्यापली होती. कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्याशी कायमचा जोडलेला होता. त्याला क्लच नव्हता. एसी पुरता बंद करायचा, तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. महाग आणि गैरसोयीची ही सोय थोड्याच वर्षांत बंद पडली.

११/ १९५३ साली क्रायस्लरने आणि १९५४ साली नॅशने सुधारलेली यंत्रणा आणली. नॅशच्या गाडीत सारा पसारा पुढच्या बाजूस मावला आणि विद्युत्‌चुंबकीय क्लच आला. बटण दाबले की कॉम्प्रेसर इंजिनाला जोडला जाई, सोडले की सुटे. आजही जुन्या गाडीत एसी लावताना जो ‘टक्’ आवाज येतो, तो या क्लचचाच.

१२/ पण एक गोष्ट बदलली नाही. कॉम्प्रेसरची गती इंजिनाच्या गतीला बांधलेलीच राहिली. इंजिन सावकाश फिरले, की कॉम्प्रेसरही सावकाश. अमेरिकेत याचा जाच कमी होता. तेथील इंजिने चार-पाच लिटरची, कॉम्प्रेसर दांडगे, रेडिएटर रुंद. उभ्या गाडीतही थोडी शक्ती शिल्लक राही. हीच रचना लहान इंजिनांच्या देशात आली, तेव्हा ती शिल्लक उरली नाही.

१३/ तो देश म्हणजे भारत. सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ पासून मोटारी बाहेर पडू लागल्या. पुढे तेथे फियाट ११०० तयार झाली. तीच १९७० च्या दशकात ‘पद्मिनी’ झाली. इंजिन १०८९ सीसीचे. रेडिएटरमागचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा. ज्यांना एसी हवा असे, ते तो बाहेरून बसवून घेत. कॉइलचा डबा डॅशबोर्डखाली लटके.

१४/ या गाडीचे गणित पाहावे. ती थांबली, की समोरचा वारा गेला. इंजिन मंद झाले, म्हणून पट्ट्यावरचा पंखाही मंद झाला. कॉम्प्रेसर मंद झाला. त्यातच कॉम्प्रेसरच्या ओझ्याने लहान इंजिन आणखी दबले. रेडिएटरसमोर कंडेन्सर आल्याने रेडिएटरला मिळणारी हवाही आधीच तापलेली. म्हणून त्या काळचे जाणते चालक सिग्नलला एसी बंद करीत आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवीत. तो त्यांचा कंजूषपणा नव्हता. यंत्राची मर्यादा त्यांनी ओळखली होती.

१५/ मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी तर उघड्या खिडक्यांवरच जगली. वातानुकूलित प्रवासासाठी निळ्या-रुपेरी ‘कूल कॅब’ वेगळ्या होत्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीसाठी ठरलेली वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली.

१६/ डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. इंजिन ७९६ सीसीचे, आणि बसवलेले आडवे. आडव्या इंजिनाचा पट्टा बाजूला येतो. तो समोरचा पंखा फिरवू शकत नाही. म्हणून पंख्याला स्वतःची विजेची मोटर मिळाली. वरवर हा लहानसा फरक, पण उभ्या गाडीच्या दृष्टीने ही क्रांती होती. इंजिन कितीही मंद असो, पंखा आता पूर्ण वेगाने फिरू शकत होता. १९८५ साली सुब्रोस ही कंपनी डेन्सो आणि सुझुकी यांच्या सहकार्याने स्थापन झाली आणि गाडीच्या मापाची एसी यंत्रणा देशात तयार होऊ लागली. १९९८ च्या अखेरीस पुण्यात घडलेली टाटा इंडिका लोकांसमोर आली. एसी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला.

१७/ विजेच्या पंख्याने एक प्रश्न सोडवला आणि दुसरा लपवला. पट्ट्यावरचा पंखा बंद पडला, तर इंजिन लवकर तापून तक्रार करी. विजेच्या पंख्याची मोटर थकली, रिले बिघडला वा फ्यूज उडाला, तरी धावत्या गाडीत कोणाला कळत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला सेकंदाला सुमारे १७ मीटर वेगाचा वारा फुकट मिळतो. पंख्याची उणीव तो झाकून टाकतो. गाडी थांबली, की झाकण उघडते. विंझरच्या रांगेत कोमट झालेली हवा बहुधा याच पंख्याची कैफियत सांगत असते.

१८/ लहान इंजिनासाठी आणखी एक युक्ती योजली गेली. एसी लावताच इंजिनाची उभ्या गाडीतील गती थोडी वाढवायची. कार्ब्युरेटरच्या काळात त्यासाठी व्हॅक्युमवर चालणारी लहान डबी थ्रॉटलला ओढून धरी. इंजेक्शनच्या गाड्यांत हे काम संगणक करतो. साधारणतः उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला ७५० ते ९०० फेरे घेते, महामार्गावर २५०० ते ३०००. ही डबी फाटली वा हवेचा मार्ग काजळीने भरला, की एसी लावल्यावर इंजिन उचलण्याऐवजी थरथरते आणि कॉम्प्रेसर अर्धपोटी राहतो.

१९/ आता त्या वायूकडे वळू. मुंबईच्या मफतलाल समूहाची नवीन फ्लोरीन ही कंपनी १९६७ साली स्थापन झाली. तिचे शीतक वायू ‘मॅफ्रॉन’ या नावाने देशभर गेले. १९७४ साली मारियो मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी दाखवून दिले, की आर-१२ च्या कुळातील वायू उंच वातावरणात जाऊन ओझोनचा थर पोखरतात. १९८५ साली अंटार्क्टिकावरील ओझोनचे छिद्र जगासमोर आले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियलचा करार झाला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला आणि २००० साली देशात त्याचे नियम लागू झाले.

२०/ आर-१२ ची जागा आर-१३४ए ने घेतली. ओझोनला तो अपाय करीत नाही, पण त्याचा स्वभाव वेगळा आहे. शून्य अंशाला आर-१२ चा दाब सुमारे ३.१ बार असतो, आर-१३४ए चा २.९. साठ अंशांना मात्र पहिल्याचा सुमारे १५.३ आणि दुसऱ्याचा १६.८. म्हणजे कॉइल शून्य अंशाजवळ आणि कंडेन्सर साठ अंशांवर ठेवायचा, तर जुन्या वायूला पाचपट दाबणे पुरे, नव्याला पावणेसहा पट दाबावे लागते. कंडेन्सर जितका तापेल, तितका हा फरक वाढतो.

२१/ म्हणून नव्या वायूसाठी चपट्या नळ्यांचे, अनेक समांतर वाटांचे, अधिक कार्यक्षम कंडेन्सर आले. ज्या जुन्या गाड्यांत कंडेन्सर तोच ठेवून फक्त वायू बदलला, त्यांना धावताना फरक जाणवला नाही. उभे राहताना जाणवला. त्यात तेलही वेगळे लागते आणि जुन्या रबरी होजमधून नवा वायू अधिक झिरपतो. अशा गाडीत जुन्याच वजनाइतका गॅस भरला, तर तो जास्त होतो. साधारणतः त्याच्या ८० ते ८५ टक्के पुरतो.

२२/ हा सारा इतिहास एका वाक्यात असा : मोटारीचा एसी चालत्या गाडीसाठी घडला आणि उभ्या गाडीसाठी त्याला दोन आधार दिले गेले, पंखा आणि इंजिनाची वाढीव गती. तक्रार फक्त उभ्या गाडीत असेल, तर आधी हे दोन आधार तपासावेत, मग गॅस. गॅस खरोखर पुष्कळ कमी असता, तर धावत्या गाडीतही गारवा उणा पडला असता. क्वचित थोड्या कमी गॅसनेही तक्रार उभ्या गाडीतच आधी जाणवते; पण तो संशय शेवटी घ्यायचा, पहिल्यांदा नव्हे.

२३/ दोन आधारांपैकी कोणता ढासळला, हे ओळखण्याची जुनी परीक्षा स्वस्त आहे. गाडी मोकळ्या जागेत, सावलीत उभी करावी. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवणे प्राणघातक ठरू शकते. एसी लावावा. हवा कोमट झाली, की समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर झारीने हळूहळू पाणी शिंपडावे. मिनिटा-दोन मिनिटांत गारवा परतला, तर दोष उष्णता बाहेर टाकण्यात आहे : पंखा, मळ वा हवेची वाट. पाण्याने फरक पडला नाही, पण इंजिन १५०० ते २००० फेऱ्यांवर रेस केल्यावर गारवा आला, तर दोष गतीत आहे : आयडल, पट्टा, क्लच वा कॉम्प्रेसर.

२४/ येथेही इतिहास ध्यानात ठेवावा. पट्ट्यावरच्या पंख्याच्या गाडीत रेस केल्याने पंखा आणि कॉम्प्रेसर दोन्ही वेगाने फिरतात; म्हणून एकट्या रेसवरून निदान होत नाही, पाण्याची परीक्षा हवीच. विजेच्या पंख्याच्या गाडीत मात्र दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि दोन्ही परीक्षा स्वच्छ उत्तर देतात.

२५/ हवेचा दोष निघाला, तर पाहायचे ते इतके : एसी लावताच पंखा फिरतो का, दोन पंखे असल्यास दोन्ही फिरतात का, पूर्ण वेगाने फिरतात की रडतखडत, मोटर बदलताना तारा उलट जोडल्या गेल्याने पंखा हवा उलटी तर फेकत नाही. मावळातील चिखल, धूळ आणि किडे कंडेन्सर व रेडिएटर यांच्या मधल्या फटीत साचतात; समोरून स्वच्छ दिसणारा कंडेन्सर मागून बुजलेला असतो. तो कमी दाबाच्या पाण्याने धुवावा, पत्रे वाकू देऊ नयेत. रेडिएटरच्या कडेची रबरी वा प्लॅस्टिकची आडोशाची पट्टी अपघातानंतर पुन्हा बसवली नसेल, तर बॉनेटखालची तापलेली हवा फिरून कंडेन्सरपुढे येते. विजेचा पंखा केव्हाही सुरू होतो. हात दूर ठेवावा.

२६/ गतीचा दोष निघाला, तर पट्टा सैल वा गुळगुळीत झाला आहे का, क्लच घसरतो का, एसी लावल्यावर आयडल टिकते का, हे पाहावे. याउपर काम मेकॅनिकच्या गेजचे. उभ्या गाडीत दोन्ही बाजूंचे दाब चढलेले दिसले, तर कंडेन्सरला हवा कमी आहे किंवा गॅस जास्त भरला आहे. दोन्ही दाब उतरलेले दिसले, तर गॅस कमी. कमी दाबाची बाजू चढलेली आणि जास्त दाबाची उतरलेली, असे एकमेकांकडे सरकलेले दाब दिसले, तर कॉम्प्रेसर आतून झिजला आहे. रेस केल्यावर हे दाब सुधारतात. उभ्या गाडीत ते उघडे पडतात.

२७/ आता त्या ठरलेल्या सल्ल्याचा अपाय समजतो. पंखा मंद आहे, कंडेन्सर तापला आहे, दाब आधीच चढला आहे. त्यात अंदाजाने आणखी गॅस घातला, तर द्रव कंडेन्सरच्या नळ्यांत तुंबतो, उष्णता टाकायची जागा आणखी घटते आणि दाब आणखी चढतो. उभ्या गाडीतील तक्रार बळावते. कॉम्प्रेसर झिजतो, कधी दाबाचा स्विच त्याला मध्येच तोडतो. पैसे देऊन दुखणे विकत घेतले, असा हा व्यवहार होतो.

२८/ एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद चक्रात फिरतो. होजमधून वर्षाकाठी थोडा झिरपतो, ते वेगळे. दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल, तर गळती आहे. योग्य रीत अशी : उरलेला गॅस यंत्राने काढून घेणे, गळती शोधणे, ती दुरुस्त करणे, व्हॅक्युमने हवा आणि ओल ओढून घेणे, आणि बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरणे. लहान गाडीत हे वजन बहुधा अर्ध्या किलोच्या आसपास असते; पन्नास-शंभर ग्रॅमची चूकही जाणवते.

२९/ हा अर्धा किलो क्षुल्लक नाही. आर-१३४ए ची पृथ्वी तापवण्याची क्षमता, शंभर वर्षांच्या हिशेबाने, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट आहे. अर्धा किलो हवेत सोडणे म्हणजे सातशे किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे; तीनशे लिटर पेट्रोल जाळल्याइतके. म्हणून २०१६ साली किगाली येथे माँट्रियलच्या करारात हे वायूही आणले गेले. भारताने २०२१ साली ती दुरुस्ती मान्य केली. आपल्याकडे टप्प्याटप्प्याची कपात २०३२ पासून सुरू व्हायची आहे.

३०/ पुढची पिढी या कोड्यातून सुटेल. विजेच्या गाडीत कॉम्प्रेसरला स्वतःची मोटर असते. गाडी उभी असो वा धावती, तो हवी ती गती घेतो. २०२० साली आलेली नेक्सॉन ईव्ही पुणे जिल्ह्यातीलच, रांजणगावची. इंजिनाच्या पट्ट्याशी पॅकार्डने १९३९ साली मारलेली गाठ अशा गाड्यांनी सोडवली. पंखा मात्र तेथेही आहे, आणि कंडेन्सरवर चिखल तेथेही बसतो.

३१/ जुन्या गाड्या अजून बरीच वर्षे वेल्ह्याच्या वाटेवर धावतील. त्यांतील एखादी विंझरला रांगेत थांबेल आणि आतील हवा कोमट होईल. तेव्हा गाडी सुरक्षित बाजूला घेऊन, समोर उभे राहून, नुसते कान देऊन ऐकावे : पंखा फिरतो आहे का? तो गप्प असेल, तर निदान तेथेच झाले. आजीला सावलीत बसवावे, गाडी सुटली की गारवा परतेल; आणि पुण्यात गॅरेजला गेल्यावर ‘गॅस भरा’ म्हणण्याऐवजी ‘आधी पंखा पाहा’ म्हणावे.

(समाप्त)